कुरकुऱ्या मिस्त्री

दुकानाचं नाव लिहीत नाही. पाटीवरचा रंग उडून शेवटचं ‘रिपेअरी’ एवढंच उरलंय, आणि मिस्त्रींनी मला बजावलंय, “नाव छापू नगा बाई. गर्दी हुती, आन सगळी उबीच ऱ्हात्यात डोस्क्यावर.” कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांच्या मागल्या बोळात जा आणि कुठल्याही हमालाला ‘मिक्सरवाले, ते ओरडतात ते’ असं विचारा. तो हसत हसत बोट दाखवेल.

मी ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. मिक्सरवर लिहायचा माझा अधिकार एवढाच, की गेल्या अकरा वर्षांत माझे दोन मिक्सर, बहिणीचा एक आणि आमच्या गल्लीतले निदान पाच या दुकानात जाऊन आलेत आणि सगळे चालू आहेत. प्रत्येक वेळी बोलणी मात्र मीच खाल्ली, कारण दुसरं कुणी घेऊन जायला तयार नसतं.

पहिल्यांदा गेले ती एका अधिकृत सर्व्हिस सेंटरातून बाहेर पडून. तिथे एसी होता, टोकन होतं, दर वाक्यात ‘मॅडम’ होतं. खिशाला पेन लावलेल्या मुलानं मिक्सर दोन सेकंद चालवून पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, मोटर गेली. दोन हजार आठशे पन्नास होतील. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीनच घ्या ना.” इतक्या गोड आवाजात सांगितलं, की मी जवळजवळ हो म्हणाले होते. त्यानं एक स्क्रूसुद्धा उघडला नव्हता हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं.

लक्ष्मीपुरीत मिस्त्रींनी मान वर न करता विचारलं, “काय झालंय?”

“मोटर गेलीय.”

“कुनी सांगितलं?”

“सर्व्हिस सेंटरनं.”

“मग तितंच करायचं. हितं कशाला आणलासा?”

मी पिशवी उचलून वळणार, तोवर त्यांनी हात पुढे केला होता. मिक्सर उलटा केला, खालची पट्टी काढली, मोटरच्या दोन्ही बाजूंनी दोन छोटे काळे तुकडे काढून माझ्या तळहातावर ठेवले. कार्बन ब्रश, फिरत्या मोटरला वीज पोचवणारे. नवा असतो त्याच्या पाव हिस्सासुद्धा उरला नव्हता. पाटीवरची पेन्सिल पोरं अगदी शेवटपर्यंत वापरतात ना, तेवढं टोक. “हे बगा. चप्पल झिजली म्हून पाय तोडता का?” नवे दोन कार्बन घातले, मिक्सर घोंघावला. ९० रुपये. मी पैसे काढेपर्यंत उरलेलं ऐकवून झालं: “वास आला आसंल. ठिणग्या दिसल्या आसतील. तवाच आनायचं. तसाच रेटला आसता तर कमिटेटर, म्हंजे कार्बन घासतोय त्यो भाग, खराब झाला आसता, मग खरंच मोटर जाती. पर तुमास्नी वास येतोय कुटं, फोडणीतच नाक!”

मी तेव्हा रागावले. घरी येऊन चटणी वाटताना रागावले नव्हते.

आता मे महिन्यातली गोष्ट. नातू पुण्याहून सुट्टीला आला होता, वय दहा, शाळा इंग्रजी. मिक्सर लावला की चिरचिर करत होता आणि चटणीच्या भांड्याच्या बुडाला काळी ओलसर कड दिसायला लागली होती. नातवाला सोबत घेतलं. दुकान म्हणजे सहा बाय नऊची खोली, त्यातही आत जाता येत नाही, उंबऱ्यावरच थांबायचं. छतापर्यंत उघडे मिक्सर, दाव्याला बांधल्यासारख्या लोंबणाऱ्या वायरी, खिळ्यांना अडकवलेले जार आणि प्रत्येकाच्या कानात सुतळीनं बांधलेली चिठ्ठी. मिस्त्री एका गिऱ्हाइकाला झापत होते. त्यानं जारमध्ये नारळाची आख्खी वाटी टाकली होती म्हणे. “तुकडं करायला सुरी न्हाई घरात? का सुरीबी दुरुस्तीला टाकलीया?”

नातवानं माझा पदर ओढला आणि आपल्या मते हळू आवाजात म्हणाला, “आजी, ही इज सच अ ग्राउच!”

मास्तरणीच्या कानाला पहिल्यांदा काय सुखावलं असेल तर नेमका शब्द. ‘अँग्री’ म्हणाला नाही, ‘बॅड’ म्हणाला नाही. ग्राउच. त्याला तो शब्द कुठून मिळाला तेही मला माहीत होतं. अमेरिकन टीव्हीवर १९६९ पासून कचऱ्याच्या डब्यात राहणारा एक वैतागलेला बाहुला आहे, हिरवा, त्याची चित्रफीत तो मोबाइलवर पाहत असतो. पण मिस्त्रींचे कानही मोटरचा बारीक आवाज ओळखणारे.

“काय म्हंतंय पोरगं?”

“काही नाही.”

“इंग्रजीत शिवी दिली का?”

आता भाषांतर करणं भागच होतं. मी म्हटलं, “शिवी नाही हो. म्हणतो, तुम्ही जरा कुरकुर करता.”

मिस्त्रींनी माझ्या हातातला जार घेतला, पात्याला बोटानं एक झटका देऊन कानाशी धरला, मग तसाच नातवाच्या कानाशी नेला. पुन्हा झटका. किर्र, कुर्र, कुर्र.

“कुरकुर मी करत न्हाई. कुरकुर ह्यो करतोय. बुश गेलाय ह्याचा. ह्याची ऐकून कुनी दोन म्हयन्यांमागं आणला आसता, तर मला बोलाय लागलं नसतं.”

नातू हसायचं विसरून जारकडे बघत राहिला. मग त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं, जे मला अकरा वर्षांत कधी मिळालेलं नाही. जारच्या बुडाची फिरकी काढली, पात्याचा दांडा वर ओढून बाहेर घेतला आणि तो ज्या पितळी नळीत फिरतो ती दाखवली. ती नळी म्हणजे बुश. आतून एका बाजूला खाल्ली गेली होती. दांडा त्यात सरळ उभा राहायच्या ऐवजी डुलत होता, धातूला धातू घासत होता, आणि तीच झीज काळ्या कडेच्या रूपानं माझ्या चटणीत उतरत होती. वर रबराचं वायसर होतं, ते कडक होऊन तडकलेलं. त्यातून पाणी खाली गळतं, मोटरच्या डोक्यावर पडतं, आणि मग खरोखरीची मोठी दुरुस्ती निघते. हे सगळं त्यांनी दहा वर्षांच्या पोराला सांगितलं तेही ओरडूनच, पण पोराला ओरडणं आणि शिकवणं यांत फार फरक वाटत नसावा. निदान माझ्या वर्गात तरी वाटत नसे.

बुश आणि वायसर मिळून १२० रुपये. वेळ पंधरा मिनिटं.

घरी आल्यावर मी त्या शब्दाच्या मागे लागले. सवय जात नाही. इंग्रजीत ग्राउच म्हटलं की त्यात सगळेच आले. चिडणारा, धुसफुसणारा, तक्रारखोर. मराठीत तसं चालत नाही. आपल्याकडे प्रत्येकाचं खातं वेगळं. खडूस तो, जो हातचं काही सुटू देत नाही, हसूसुद्धा. तिरसट म्हणजे ‘किती वाजले’ विचारलं तर ‘घड्याळ नाही का’ म्हणणारा. तुसड्याला माणूसच नकोसा. किरकिऱ्याला आमटीत मीठ कमी, नाहीतर जास्त. पिरपिऱ्या दिवसभर बारीक सुरात लावून धरतो आणि त्याला उपाय सुचवलात तर नाराज होतो, कारण मग पिरपिर कशाची करायची? कुरकुऱ्या काम करतो पण तोंडातल्या तोंडात बोलत करतो. या शेवटच्या हिशेबानं मिस्त्री कुरकुऱ्या ठरतच नाहीत, त्यांचं बोलणं धान्य बाजारात ऐकू जातं. जमदग्नी म्हणावं, तर जमदग्नीचा कोप कधी उसळेल सांगता येत नाही. यांचा सकाळी दहा ते दोन आणि चार ते आठ असा ठरलेला आहे. अमावास्येला बंद.

ग्राउच हा शब्द तसा फार जुना नाही, अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बोलण्यात आला. पण त्याच्या मागे मध्ययुगीन इंग्रजीतला ‘ग्रच’ आहे आणि त्याच्याही मागे जुन्या फ्रेंचमधलं एक क्रियापद, अर्थ पुटपुटणं, कुरकुरणं. मनात धरून ठेवलेल्या आकसाला इंग्रजीत ‘ग्रज’ म्हणतात, तोही याच घरातला. इथे मात्र आमचे मिस्त्री त्या घराण्यात बसत नाहीत. आकस त्यांना जमत नाही. तुम्हाला ‘अडानी’ म्हणून झालं की पुढच्या मिनिटाला ‘च्या घेणार?’ विचारतात. नाही म्हटलंत तर त्यावरून पुन्हा ओरडतात.

आता त्यांच्या तक्रारींबद्दल, कारण या दुकानात खरा माल तोच आहे. दुरुस्ती कुठेही होईल.

कपलर म्हणून एक भाग असतो. मोटरच्या दांड्यावर दातेरी चकती, तिच्यावर जार बसतो. कडक काही अडकलं, की या चकतीचे दाते तुटतात. मी एकदा तणतणले होते, की कंपन्या मुद्दाम हलक्या प्रतीचं घालतात. त्यावर माझी जी शाळा झाली! “मुद्दाम नरम ठिवत्यात, बरूबर. ६० रुपयांचं कपलर तुटतंय म्हून हजाराची मोटर वाचती. घरात फ्यूज कशाला आसतोय? तुमी शाळंत काय शिकवत हुता?” इंग्रजी, असं म्हणण्यात अर्थ नव्हता.

मिक्सरखाली लाल बटण असतं ते आमच्या गल्लीत निम्म्या बायकांना माहीत नव्हतं. मोटरवर ताण आला की ते आपोआप उडतं, मिक्सर बंद पडतो. थोडा वेळ थांबून बटण आत दाबलं की काम झालं. या एका कारणासाठी लोक रिक्षा करून येतात. मिस्त्री बटण दाबतात, पैसे घेत नाहीत, पण मग जे बोलतात त्यापेक्षा पैसे परवडले असते. “बटन उडालं म्हंजे मिक्सर तुमाला सांगतोय का बाबा, दम घेऊ दे. तुमी त्याला ॲडमिटच करताय.” माझ्या मिक्सरच्या तळाच्या पट्टीवर बारीक अक्षरात छापलंय, पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद. मी तो मिक्सर सहा वर्षं वापरत होते आणि तळ कधी वाचला नव्हता. तीन दशकं पोरांना ‘प्रश्न नीट वाचा’ सांगणारी मी.

गरम डाळ जारमध्ये घालून झाकण घट्ट लावायचं नाही. वाफ कोंडते, झाकण उडतं आणि वायसर लवकर जातं. वाळकी हळकुंडं घरच्या मिक्सरमध्ये मुळीच घालायची नाहीत. कोल्हापुरात हे सांगावं लागतं याचाच त्यांना संताप. “शंभर पावलांवर मसाला कुटायचा डंक हाय. कांदा-लसणाचं तिखट डंकावर करतासा न्हवं? मग हळदीला का मिक्सर? ह्यो मिक्सर हाय, खडी क्रशर न्हाई.” जार अर्ध्याच्या फार वर भरू नका, आधी एकवर सुरू करा, मग दोन, मग तीन, एकदम तीनवर फिरवलंत तर तो खटका त्यांना लक्ष्मीपुरीत ऐकू येतो असं त्यांचं म्हणणं आहे.

आणि झुरळं. याबद्दल मीही त्यांच्या बाजूनं आहे. एका बाईंचा मिक्सर त्यांनी माझ्यासमोर उघडला, पट्टी सरकवल्याबरोबर आतून एक गलेलठ्ठ झुरळ बाहेर आलं, इकडेतिकडे बघितलं आणि सावकाश परत आत गेलं. स्वतःच्या घरात गेल्यासारखं. मिस्त्री त्या बाईंना म्हणाले, “ह्याचं भाडं घेतासा काय?” बाई लाजल्या, मग आम्ही तिघंही हसलो. आत ऊब असते, पिठाचे कण असतात, त्यांना आणखी काय पाहिजे? रात्री ओट्यावर मिक्सर तसाच चिकट ठेवू नका, एवढंच.

माझा पहिला मिक्सर सुमीतचा, लग्नात १९८४ साली मिळालेला. तो अजून आहे. मिस्त्री त्याला ‘म्हातारा’ म्हणतात आणि दुकानातली ही एकच वस्तू दोन हातांनी उचलतात. आतली तांब्याची गुंडाळी त्यांनी मला दाखवली आणि शेजारी एक नवा स्वस्तातला मिक्सर उघडून त्यातली ॲल्युमिनियमची. मग नव्या मालावर पाऊण तास. प्लॅस्टिकच्या खटक्यांनी बंद केलेले सांगाडे, जे उघडताना तुटतातच. एका कंपनीचा जार दुसरीला सोडा, त्याच कंपनीच्या दोन वर्षांपूर्वीच्या मिक्सरलाही बसत नाही. सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहकांसाठी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, हे मी त्यांना कौतुकानं सांगायला गेले. “पोर्टल करून स्क्रू निगतोय का?” हे उत्तर.

त्या दिवशी त्यांना थोपवायला मी सुमीतची गोष्ट सांगितली. मुंबईत सीमेन्समध्ये सत्यप्रकाश माथुर नावाचे अभियंता होते. त्यांच्या पत्नीचा, माधुरीबाईंचा, जर्मन बनावटीचा ब्राउनचा मिक्सर बंद पडला आणि तो इथे दुरुस्त करायची सोय नव्हती. आपल्या ओल्या-सुक्या वाटणापुढे तो टिकणार तरी कसा? मग माथुरांनी आपल्या स्वयंपाकाला झेपेल अशी मोटर बनवायला घेतली आणि १९६३ साली सुमीत उभा राहिला.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. “म्हंजे बायकूनं तक्रार केली म्हून मिक्सर झाला?”

“तसंच म्हणायचं.”

“मग त्या पोराला सांगा.” नातू पुण्याला जाऊन दोन महिने झाले होते. ते ‘ग्राउच’ मात्र यांच्या डोक्यात बसलेलं होतं. म्हटलं नव्हतं का, आकस जमत नाही? तर हा एवढा अपवाद.

दुसऱ्या एका खेपेला, वाट बघताना, मी त्यांना आणखी एका शब्दाची गंमत सांगितली. म्हाताऱ्या, तिरसट माणसाला इंग्रजीत ‘कर्मजन’ म्हणतात, आपल्या कर्माशी आणि जनांशी काही संबंध नाही. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या शब्दकोशात या शब्दाची व्युत्पत्ती दिली, फ्रेंच ‘कर मेशाँ’, म्हणजे दुष्ट हृदय, आणि पुढे टीप लिहिली, ‘अज्ञात पत्रलेखक’. म्हणजे ही माहिती कुणा अनोळखी माणसानं पत्रानं कळवली. वीस वर्षांनी, १७७५ मध्ये, जॉन ॲश नावाच्या कोशकारानं ते उतरवून घेतलं. त्याला फ्रेंच येत नसावं. त्यानं लिहिलं: ‘कर’ म्हणजे अज्ञात, ‘मेशाँ’ म्हणजे पत्रलेखक.

मिस्त्री जे हसले! मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं, पुढचे दोन दात नाहीत हेही तेव्हाच कळलं. मग डोळे पुसत म्हणाले, “तुमच्या त्या एशीवाल्या पोरानं मोटर गेली सांगितलं न्हवं? त्येच हे. उगडून बगायचं न्हाई, आदीच्यानं लिवलंय ते लिवायचं.”

मी वर्गात ही गोष्ट वीसेक वर्षं सांगितली. तिचा एवढा उपयोग कुणी केला नव्हता.

पुराबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या नागाळा पार्कातल्या तळमजल्यावर पाणी ओट्याच्या वर होतं. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३; त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली. पाणी ओसरल्यावर मिस्त्रींच्या बोळात मिक्सरांची रांग लागली होती, चिखलानं भरलेले, एकसारखे तपकिरी, कुणाचा कुठला ओळखू येत नव्हता.

आता तुम्हाला वाटेल त्यांनी सगळे फुकट करून दिले. नाही. पैसे नेहमीचे घेतले, आणि बोलणी दुप्पट. एकेकाला विचारत होते, “लावून बगितलासा?” जो ‘हो’ म्हणाला त्याचा मिक्सर बाजूला. ओल्या मोटरला वीज दिली की गुंडाळी जळते, मग काही राहत नाही. ज्यांनी लावला नव्हता त्यांचे उघडून आधी स्वच्छ पाण्यानं धुतले. हो, मोटर पाण्यानं धुतली, कारण गाळ आत वाळला तर तो सुटत नाही. मग उन्हात, आणि ऊन नसेल तेव्हा मोठ्या पिवळ्या बल्बखाली पत्र्याच्या डब्यात, दिवसेंदिवस. मग मेगरनं, म्हणजे वीज कुठे गळत नाही ना हे बघायच्या यंत्रानं, तपासणी, मग बेअरिंग. माझा वाचला. हातात देताना म्हणाले, “३९ ला इशारा देत्यात त्यो कशाला? रेडिओवर गाणी लागत्यात त्याच्या मदी? तवाच माळ्यावर टाकायचा.”

मला त्या दिवशी हे ऐकून घेणं जड गेलं. घरातलं निम्मं सामान रस्त्यावर काढून टाकलेलं होतं, आणि हा माणूस मला मिक्सर कुठे ठेवायचा ते शिकवत होता. मी काही न बोलता निघून आले आणि वर्षभर तिकडे फिरकले नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं, तेव्हा ३९ चा आकडा कानावर पडल्याबरोबर मी दोन्ही मिक्सर पोत्यात घालून माळ्यावर टाकले होते. सोफा भिजला.

उणिवाही सांगते, नाहीतर हे परीक्षण कसलं. पावती मिळत नाही. फोन उचलत नाहीत, कारण “हात तेलाचं आसत्यात.” ‘परवा या’ म्हणजे चौथ्या दिवशी जा. बसायला काही नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी स्टूल न्यावं, मी नेते. ऑनलाइन पैसे देता येतात, पण पैसे आल्याचा आवाज काढणारा तो डबा त्यांनी स्वतःच उघडून ठेवलाय, ‘आत काय हाय बगाय’, त्यामुळे मोबाइलवर दाखवावं लागतं. या सगळ्याचा मिळून मी अर्धा तारा कापते. आणखी अर्धा तारा कापते तो वेगळ्या कारणासाठी.

दिवाळीच्या आधी एक मुलगी आली होती, तेवीस-चोवीसची, हातात हिरवा चुडा अजून नवा. फक्त जार आणला होता. मिस्त्रींनी पात्याला झटका दिला, कानाशी धरला, आणि सुरू. किती भरतासा, गरम घालतासा का, धुतल्यावर उपडा ठेवत न्हाईसा का. इथवर नेहमीचंच. मग म्हणाले, “आईनं काय शिकवलं न्हाई का?” मुलीचं तोंड एकदम उतरलं. ती काही बोलली नाही. वळली आणि चालती झाली, जार तसाच त्यांच्या हातात.

मी त्यांना म्हटलं, “मिस्त्री, हे चुकलं. बुशाबद्दल काय बोलायचं ते बोला. आईचं कशाला काढता?” पोरांना खडसावायचा जुना आवाज लागला असावा माझा, कारण पलीकडच्या दुकानातला हमालही गप्प झाला. मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. स्क्रू शोधत राहिले, जो त्यांच्या समोरच होता.

तो जार अजून तिथे आहे. उजव्या भिंतीवर, वरून दुसऱ्या ओळीत, निळ्या कानाचा. बुश बदललेला आहे, वायसर नवं आहे, चिठ्ठीवर १२० लिहून ते खोडलेलं आहे आणि पुढे काहीच लिहिलेलं नाही. ती मुलगी हे वाचत असेल, किंवा वाचणाऱ्या कुणाच्या ओळखीची असेल, तर जाऊन घेऊन ये गं. मी मिस्त्रींना बजावून ठेवलंय, की आली तर नुसता जार हातात द्यायचा, एक अक्षर बोलायचं नाही.

“बरं,” म्हणाले. मग जरा थांबून, “पर बुश कशानं गेला, ते तरी सांगू का नगो?”